अकरा महिन्यांची माणसं

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय तसा एकच होता, दुसऱ्या मजल्यावरची मुलगी. नांदेडकडची आहे, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, गेले सात महिने आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहते. तक्रार अशी की ती रात्री-अपरात्री येते.

मी म्हटलं, अहो, नर्स आहे ती. रात्रपाळी असली की रात्रीच जाणार आणि पहाटे येणार. तुमच्या-आमच्यापैकी कुणाला रात्री दोन वाजता सलाईन लावायची वेळ आली तर तेव्हा हॉस्पिटलात कुणीतरी जागं असावं असं वाटतं ना?

यावर कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी शांतपणे इतिवृत्ताची वही उघडली आणि 2019 सालच्या वार्षिक सभेतला ठराव वाचून दाखवला. 'अविवाहित व्यक्तींना सदनिका भाड्याने देण्यात येऊ नये.' सूचक अमुक अमुक. अनुमोदक... आणि इथे ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अनुमोदक मी होते. सही माझी. तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर करत आले तीच, सुवाच्य, कुणालाही वाचता येईल अशी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच तावातावाने लिहिणार आहे आणि आमच्या बिल्डिंगमधली निदान तीन माणसं हे वाचतात. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर चार मुलं राहत होती, मोठ्याने गाणी लावायची, जिन्यात बाटल्या सापडल्या होत्या. आम्ही चिडलो होतो. चार मुलांचा राग आम्ही जगातल्या सगळ्या अविवाहितांवर काढला. वर्गात एकाने खोडी केली तर सगळ्या वर्गाला उभं करणारे मास्तर मला कधी आवडले नाहीत, आणि ठराव मात्र मी नेमका तसलाच केला.

आता मुळातून सांगते.

2023 च्या मे महिन्यात मी लेकीकडे गेले. ती अमेरिकेत वायोमिंग नावाच्या राज्यात, लॅरमी या गावी विद्यापीठात संशोधन करते. भारतातून कुणी अमेरिकेला जायचं म्हणजे न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्निया. वायोमिंग म्हटल्यावर आमचे भावजी म्हणाले, "हे कुठे आलं?" मी भूगोलही शिकवलाय, तरी नकाशात शोधावं लागलं. पश्चिमेकडचं, डोंगर, गवत आणि वाऱ्याचं राज्य. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 53 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाच-षष्ठांशाच्या आसपास. आणि लोकसंख्या? 2020 च्या जनगणनेत 5 लाख 77 हजार. आपलं उल्हासनगर 2011 साली 5 लाखांच्या वर होतं, आणि ते मावलंय सुमारे 13 चौरस किलोमीटरमध्ये! आख्खं वायोमिंग उचलून उल्हासनगरच्या पाच कँपांत आणून ठेवलं तर थोडी दाटी होईल इतकंच. वायोमिंगमध्ये माणसांच्या दुपटीहून जास्त गाई-गुरं आहेत. लेक म्हणाली होती, "आई, इथे तुला खिडकीतून माणूस दिसला तर मला सांग." अगदीच तसं नाही, लॅरमी तीसेक हजार वस्तीचं गाव आहे. पण गावाबाहेर पडलं की तासभर गाडी चालवा, कुंपणं, हरणं, आणि मैलभर लांबीची मालगाडी. उंची 7 हजार फुटांवर, त्यामुळे पहिले चार दिवस मी जिना चढताना धापा टाकत होते. वाणसामानाला, म्हणजे आपली डाळ, पोहे, हिंग यांना, शेजारच्या कोलोरॅडोत जायचं. हिवाळ्यात वाऱ्याने आणि बर्फाने महामार्ग बंद झाला की ते पोहे नंतर. असो, प्रवासवर्णन लिहायला बसले नाहीये.

लेक तिथे अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहते. एक बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघराचा ओटा हॉलमध्येच. आणि ती अविवाहित आहे. (वय विचारू नका. नातेवाईक विचारतातच, त्यांना माहीत आहे.) प्रयोग चालू असला की रात्री एक-एक वाजता घरी येते. पहिल्या आठवड्यात मी जागी राहायचे. एकदा न राहवून विचारलं, "तुझ्या मालकाला चालतं का गं, इतक्या उशिरा?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "काय चालायचंय? भाडं पहिल्या तारखेला जातं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. 2019 सालची माझी सही आठवली. माझी पोटची मुलगी, चांगली शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात, उद्या अंबरनाथला परत आली आणि तिची आई वारलेली असली, तर तिच्या आईच्याच बिल्डिंगमध्ये तिला भाड्याने खोली मिळायची नाही. आणि ते दार तिच्या आईनेच लावून घेतलेलं.

परत आल्यावर नातेवाइकांत हे बोलले तर ठराविक उत्तर मिळालं. "त्यांचं काय हो, जागा भरपूर, माणसं कमी. आपल्याकडे केवढी गर्दी!" हे पटण्यासारखं वाटतं, पण खरं नाही. पहिली गोष्ट, जागा भरपूर म्हणजे घरं भरपूर नव्हेत. ऑगस्टमध्ये विद्यापीठ सुरू होताना लॅरमीत भाड्याच्या घरांसाठी मुलांची काय धावपळ होते ते मी पाहिलंय. दुसरी गोष्ट, आपल्याकडे गर्दी आहे म्हणून घर मिळत नाही म्हणावं, तर संध्याकाळी आमच्या गच्चीवरून बघा. आमच्या चोवीस फ्लॅटांपैकी सहांत दिवा लागत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती. त्या सहा अंधाऱ्या फ्लॅटांपैकी एक माझा आहे. बी विंगमधला. यजमान असताना लेकीसाठी म्हणून घेतला, आणि ते गेल्यापासून कुलूपबंद आहे. का? तर भाडेकरू बसला की उठत नाही म्हणे.

ही भीती आली कुठून, ते पाहू. ती अगदी हवेतून आलेली नाही. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा हा लढाईनंतरच्या टंचाईतला. भाडी गोठली ती गोठलीच. मग मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली, म्हणजे हा भाडेकरू नव्हे, नुसता परवानगीने राहणारा. तर 1973 साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे असे राहत होते ते सगळे एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांची घरं गेली त्यांच्या तीन पिढ्या ही गोष्ट सांगत राहिल्या. त्यांचं दुःख खरं आहे, मी नाकारत नाही.

पण मंडळी, तो कायदा जाऊन पाव शतक झालं की हो! 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलंय की लायसन्सची मुदत संपली की जागा मालकाला परत मिळाली पाहिजे, त्यासाठी सक्षम प्राधिकारी वेगळा नेमलाय, आणि मुदतीनंतरही कुणी अडून बसला तर त्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरावे लागतात. सरकारी कचेरी म्हटली की वेळ लागतो, हे मला शिकवू नका, माझं पेन्शन सुरू व्हायला किती चपला झिजल्या ते मलाच ठाऊक. तरी 1973 ची गोष्ट सांगून आज एका नर्सला दार बंद करायचं, म्हणजे पणजोबाला चावलेल्या कुत्र्याचं औषध पणतूला टोचण्यासारखं आहे.

आणि ते अकरा महिने! याची तर मला चीडच आहे. अकरा महिन्यांचाच करार का? मी एजंटला विचारलं, दोन वकिलांना विचारलं, सगळे म्हणाले "तशी पद्धत आहे." पद्धत कुठून आली तर 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळायला अकरा. पण महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलंय, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. ती जबाबदारी मालकाची, न केली तर तुरुंगवासापर्यंत शिक्षा. म्हणजे ज्या नोंदणीतून सुटायला अकरा महिने काढले, ती नोंदणी अकरालाही चुकत नाही. मग फायदा कुणाचा? एजंटचा. दर अकरा महिन्यांनी त्याची दलाली, दर अकरा महिन्यांनी भाडेवाढ, दर अकरा महिन्यांनी टेम्पो. माझ्या शाळेत अशी मुलं असायची. जूनमध्ये पूर्वेच्या शाळेत नाव, पुढच्या वर्षी बदलापूर, त्याच्या पुढच्या वर्षी विठ्ठलवाडी. दाखल्यांवर सह्या करताना मी म्हणायचे, "आईबापांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही." काय बोलत होते मी! घराची मुदत अकरा महिन्यांची आणि इयत्ता बारा महिन्यांची, हे साधं गणित मला दिसलं नाही.

मी स्वतः भाडेकरू होते, हे आणखी वर. 1975 साली लग्न होऊन अंबरनाथला आले ती चाळीतल्या एका खोलीत. यजमान केमिकल कंपनीत. मालकीणबाईंनी गणपतीच्या तसबिरीसाठी खिळा ठोकू दिला नव्हता, भिंत खराब होईल म्हणून. तसबीर चार वर्षं फडताळावर टेकवून ठेवली. पण त्याच बाई माझ्या बाळंतपणात रात्री दोनला धावत आल्या होत्या, हेही लिहिलं पाहिजे. आणि त्या खोलीच्या डाव्या बाजूला दोघे भाऊ राहत, काडेपेटीच्या कारखान्यात कामाला, दोघेही बिनलग्नाचे. कुणाला वावगं वाटलं नाही. यांची रात्रपाळी असली की मला त्यांचा आधारच वाटे.

आपण कोण मोठे इथले वतनदार लागून गेलो आहोत? शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. तेवढं देऊळ, आणि इथले आगरी व पाड्यांवरचे आदिवासी सोडले तर अंबरनाथमध्ये मूळचं कोण आहे? ऑर्डनन्स फॅक्टरी आली, विमको आली, धरमसी मोरारजी आली, म्हणून कोकणातून, घाटावरून, युपीतून, केरळातून माणसं आली आणि सगळी आधी कुणाच्या तरी खोलीत भाड्याने राहिली. पलीकडे उल्हासनगर तर उभंच राहिलं फाळणीत घर गमावलेल्या सिंधी माणसांवर, लष्कराच्या रिकाम्या बराकींत. त्यांना कुणी विचारलं असतं, "फॅमिली आहे का? नॉनव्हेज खाता का?" तर?

नॉनव्हेजवरून आठवलं. आमचे एक नातेवाईक आहेत. (ते हे वाचतील. वाचू देत.) लॅरमीत असताना मी त्यांना फोनवर सांगितलं की शेजारणीने मॅनेजरकडे तक्रार केली, आमच्या फोडणीचा वास येतो म्हणून. ते असे उखडले! "हा शुद्ध वर्णभेद आहे, तिला सांग लेखी तक्रार करायला." मॅनेजर आला, चुलीवरच्या पंख्याची जाळी पाहिली, तेलाने बुजली होती ती बदलून गेला, संपलं. पण हेच गृहस्थ बदलापूरचा आपला फ्लॅट भाड्याने देताना जाहिरातीत 'फक्त शाकाहारी, फक्त फॅमिली' लिहितात, आणि जे जाहिरातीत लिहीत नाहीत ते आडनाव ऐकून फोनवरच सांगतात, "सॉरी हं, जागा गेली." मुसलमान नको, दलित असेल तर आडून विचारायचं, बाकी मन मोठं. परदेशात आपल्या भाचीला वासावरून बोललेलं लागतं ना? मग इथे त्या माणसाला काय होत असेल, पाच जागी जागा 'गेलेली' ऐकून?

तिथे सगळं छान आहे असं म्हणत नाहीये, गैरसमज नको. वायोमिंगचा कायदा भाडेकरूचा फार कैवारी नाही. भाड्यावर मर्यादा नाही, डिपॉझिटवर मर्यादा नाही, आणि घर खाली करायचा खटला घालायला मालकाला तीन दिवसांची नोटीस पुरते. तीन दिवस! घर सोडताना सफाईचे पैसे कापतात ते वेगळंच. आणि इतिहास म्हणाल तर याच वायोमिंगमध्ये रॉक स्प्रिंग्ज गावी 2 सप्टेंबर 1885 ला जमावाने 28 चिनी खाणकामगारांना मारलं, त्यांची घरं जाळली. याच राज्याने 1869 साली, म्हणजे अजून नुसता प्रांत होता तेव्हा, बायकांना मताचा हक्क दिला होता, आणि सोळा वर्षांनी हे. म्हणजे तिथली माणसं आपल्याहून जन्मतः चांगली आहेत असं काही नाही.

फरक एवढाच की त्या देशाने एप्रिल 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यानंतर आठवड्याभरात, घरांबाबतचा एक कायदा केला. वंश, रंग, धर्म, मूळ देश पाहून घर नाकारायचं नाही. 1974 ला त्यात स्त्री-पुरुष भेद आला, 1988 ला अपंगत्व आणि मुलंबाळं असणं. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या लहान इमारतीला त्यातून सूट आहे, पण ठराविक माणसं नकोत अशी जाहिरात तिथेही देता येत नाही. मनातून कुणी काहीही समजो, लेकीच्या अर्जावर धर्माचा रकाना नव्हता. तिचा पगार, आधीच्या मालकाचं पत्र आणि कर्जफेडीचा इतिहास, एवढं विचारलं.

आपल्याकडे? 2005 साली गुजरातेतल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी सोसायटीला उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं. न्यायालयाचा मान राखून लिहिते, मला ते पटलेलं नाही. 'सहकार' हा शब्द मी मुलांना समास सोडवून शिकवलाय. सह करणे. त्यात 'आपल्या आपल्यात' कुठे येतं?

आमच्या सेक्रेटरींचा मुद्दा वेगळा होता. भाडेकरूंमुळे सोसायटीवर ताण येतो म्हणून ते महिना हजार रुपये जादा घेतात आणि परवानगीचं पत्र अडवून धरतात. त्यांना मी 1 ऑगस्ट 2001 चा शासन निर्णय दाखवला. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमचं सेवाशुल्क नऊशे आहे. दहा टक्के म्हणजे किती, हे पाचवीतला मुलगा सांगेल. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आता अमेरिकेहून आलात." मी म्हटलं, शासन निर्णय मुंबईहून आलाय.

तर पुढे काय झालं. त्या मुलीच्या मालकाने, मीटिंगचा त्रास नको म्हणून, तिला महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. मी तिला घरी बोलावलं, चहा केला आणि बी विंगची किल्ली पुढे ठेवली. ती किल्लीकडे न बघता म्हणाली, "बाई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास होईल." मग म्हणाली, "आणि रात्रपाळी सोडता येणार नाही मला." चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, घर मिळवायला नोकरीची माफी मागत होती.

करार तेहतीस महिन्यांचा केला. डिपॉझिट दोन महिन्यांचं. केंद्र सरकारने 2021 साली जो आदर्श भाडेकायदा राज्यांपुढे ठेवला त्यात हीच मर्यादा आहे, म्हटलं आपण आपल्यापुरता तो पाळू. अंगठा घ्यायला आलेला मुलगा दोनदा म्हणाला, "आजी, अकरा टाकू ना?" पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, फ्लॅट माझ्यासाठी होता ना? म्हटलं, हो, तुझ्यासाठीच दिलाय.

सोसायटीला कराराची प्रत दिली तर सेक्रेटरींनी घेतली नाही, म्हणून ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्याच पाकिटात दुसरं पत्र आहे, 2019 चा तो ठराव रद्द करावा असं. सूचक म्हणून माझी सही आहे. पुढची सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, गच्चीवर. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ए विंगमधल्या दोघी "बघू" म्हणाल्यात.